कंपनीची लेन्स आणि ‘बाहेरची’ लेन्स
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कॅमेऱ्याच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ठाण्याचा नोकरदार असो, डोंबिवलीचा पक्षीवेडा विद्यार्थी असो की कल्याणचा लग्नसराईत राबणारा स्टुडिओवाला असो, काउंटरवर हात टेकून तो विचारतो, ‘‘ओरिजिनल घेऊ, की दुसऱ्या कंपनीची चालेल?’’ ओरिजिनल म्हणजे ज्या कंपनीचा कॅमेरा, तिचीच लेन्स. दुसऱ्या कंपनीची म्हणजे सिग्मा, टॅमरॉन, टोकिना यांच्यापैकी कुणाची तरी. दोन्हींच्या किमतीत फरक असतो आणि झूम लेन्सच्या बाबतीत तर तो कधी एका पगाराचा, कधी चार पगारांचा असतो. बरोबर आलेला जाणकार मित्र ठामपणे सांगतो, ‘‘डुप्लिकेटच्या नादी लागू नकोस.’’ दुकानदार तेवढ्याच ठामपणे सांगतो, ‘‘काही फरक नाही साहेब, बिनधास्त घ्या.’’

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. मित्राला वाटते तशी ही नक्कल नसते आणि दुकानदार म्हणतो तसा फरक नसतो असेही नाही. फक्त तो फरक आपण जिथे शोधतो तिथे, म्हणजे काचेत, बहुतेक वेळा सापडत नाही. तो कुठे आहे हे कळायचे तर लेन्सच्या धंद्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहायला हवा.

छायाचित्रणाची सुरुवात झाली तेव्हा ‘कंपनीची लेन्स’ ही कल्पनाच नव्हती. कॅमेरा म्हणजे लाकडाची पेटी. ती बनवणारा कारागीर सुतारकामातला आणि भिंग घासणारा कारागीर वेगळाच. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी माणसांची चित्रे घेण्यासाठी एक नवे भिंग गणिताने बसवले. ते घडवले फोइग्टलेंडर नावाच्या कारखानदाराने. पुढे दोघांत बेबनाव झाला. ऑस्ट्रियाबाहेर या भिंगाला पेटंटचे संरक्षण नव्हते. त्यामुळे फ्रान्स, इंग्लंड, जर्मनीतले कारागीर त्याच धर्तीची भिंगे बनवू लागले. म्हणजे जगातल्या पहिल्या नामांकित पोर्ट्रेट लेन्सच्या मागोमाग तिच्या धाकट्या बहिणीही बाजारात आल्या. यातल्या काही सुमार होत्या, तर काही उत्तम.

आपल्याकडचे पाहा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन यांचा ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ मुंबईतून निघू लागला. या मंडळींच्या काळात पेटी एकाकडून आणि भिंग दुसऱ्याकडून घेणे ही नेहमीची गोष्ट होती. रॉस, फोइग्टलेंडर, पुढे डालमायर ही नावे माहीत होती ती मुख्यतः भिंगांमुळे. आजच्या भाषेत बोलायचे तर सगळ्यांच्याच लेन्स ‘थर्ड पार्टी’ होत्या आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. झूम मात्र नव्हता. देऊळ मोठे दिसायला हवे असेल तर तिकाटणे आणि पेटी उचलून चार पावले पुढे जायचे.

परदेशी वस्तू महाग, मग पर्याय काय, हा प्रश्नही आपल्याकडे जुनाच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा चित्रपट-कॅमेरा विकत आणला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दुसरा रस्ता धरला. त्यांचे बंधू आनंदराव पेंटर यांनी कॅमेरा घरीच बनवण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. तेव्हा बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने ते काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा उभा राहिला. १९२० मध्ये आलेला ‘सैरंध्री’ ही त्या उद्योगाची फलश्रुती. त्या कॅमेऱ्यावर कुठल्याही विलायती कंपनीचा शिक्का नव्हता. पण पडद्यावर सैरंध्री पाहणाऱ्या प्रेक्षकांना शिक्का दिसत नव्हता, चित्र दिसत होते.

‘कंपनीची’ आणि ‘बाहेरची’ हा भेद रूढ झाला तो छोटा कॅमेरा आल्यावर. १९२५ मध्ये जर्मनीत लायका बाजारात आला. पुढे काही वर्षांत त्याच्या लेन्स फिरवून काढता-घालता येऊ लागल्या. कॅमेरा आणि लेन्स जिथे एकमेकांत बसतात त्या जागेला माउंट म्हणतात. आपल्याकडच्या उपमेत सांगायचे तर नळ आणि पाइप यांच्यामधली चुडी. चुडी एकच असेल तर कुणाचाही नळ कुणाच्याही पाइपला बसतो. लायकाची चुडी पाहून इतरांनी तिच्यात बसणाऱ्या लेन्स बनवायला सुरुवात केली.

इथे एक गंमत सांगायला हवी. आज ‘ओरिजिनल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन नावे पटकन येतात, कॅनन आणि निकॉन. १९३६ च्या सुमारास कॅननचा पहिला कॅमेरा विक्रीला आला, तेव्हा त्यावरची लेन्स होती निक्कोर, म्हणजे आजच्या निकॉनची. त्या वेळी कॅननला स्वतःच्या लेन्स बनवता येत नव्हत्या. आणि निकॉनला जगात नाव मिळाले ते कशामुळे? १९५० मध्ये कोरियाच्या युद्धावर गेलेले ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी आपल्या जर्मन लायकावर जपानी निक्कोर लेन्स लावून छायाचित्रे काढली. ती पाहून अमेरिकेतले संपादक चकित झाले. म्हणजे निकॉनची कीर्ती पसरली ती दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसणारी ‘बाहेरची’ लेन्स म्हणून. आजची कंपनी ही कालची बाहेरचीच होती.

आता झूमकडे वळू. साध्या लेन्सची नजर ठरलेली असते. पन्नास मिलिमीटरची लेन्स पन्नासाचेच दाखवणार. झूममध्ये आतल्या भिंगांचे गट पुढेमागे सरकतात आणि नजर कमीजास्त होते. कल्पना सोपी आहे, पण ती प्रत्यक्षात आणणे फार कठीण. भिंगे सरकली की चित्राची धार, सरळ रेषा आणि रंग, तिन्ही बिघडू पाहतात. एका टोकाला सावरले तर दुसऱ्या टोकाला चूक डोके वर काढते. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ मध्ये आली. फ्रँक बॅक यांनी आखलेली, फोइग्टलेंडरच्या नावाने विकलेली ‘झूमार’, ३६ ते ८२ मिलिमीटरची. १९६३ मध्ये निकॉनने ४३ ते ८६ ची छोटी आणि परवडणारी झूम काढली. ती खूप खपली, पण सरळ भिंती वाकड्या दाखवण्याबद्दल तिची पुढे कायमची बदनामी झाली. कंपनीचे नाव असले म्हणजे लेन्स निर्दोष असते असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

झूम महाग का, याचा एक हिशेब पाहण्यासारखा आहे. १९०२ च्या प्रसिद्ध टेसार लेन्समध्ये चार भिंगे होती. टॅमरॉनच्या १५०-६०० झूममध्ये वीस भिंगे आहेत आणि ती तेरा गटांत बसवलेली आहेत. तेरा गट म्हणजे हवेला भिडणारे सव्वीस पृष्ठभाग. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. अशी सव्वीस वेळा गळती झाली तर शंभरातला पस्तीस भाग प्रकाशच पलीकडे पोहोचेल, आणि परत फिरलेला आतल्या आत उड्या मारून चित्र धुरकट करील. म्हणून भिंगांवर अतिशय पातळ लेप चढवतात. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी ही युक्ती शोधली नसती, तर आजची झूम अशक्यच होती. लेन्सची किंमत म्हणजे ही भिंगे, हे लेप, ती सरकवणारी यंत्रणा आणि सगळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके अचूक बसवण्याची मेहनत.

याच मेहनतीत स्वतंत्र लेन्स-कारखानदार उतरले. टॅमरॉन आणि टोकिना या दोन्ही कंपन्यांचा उगम १९५० सालचा. टॅमरॉनचे मूळ नाव ताइसेई कोगाकू. तामुरा नावाच्या संशोधकाच्या नावावरून पुढे टॅमरॉन हे नाव आले. १९५७ मध्ये या कंपनीने एक साधी, पण धंदा बदलणारी युक्ती काढली. लेन्स एकच ठेवायची आणि मागे बसणारी कडी बदलायची. निकॉनसाठी निकॉनची कडी, पेंटॅक्ससाठी पेंटॅक्सची. याला टी-माउंट म्हणतात. आजही दुर्बिणीला कॅमेरा जोडणारे आकाशनिरीक्षक ती वापरतात. १९६१ मध्ये मिचिहिरो यामाकी यांनी सिग्मा काढली.

अमेरिकेतल्या व्हिविटार या कंपनीची कथा वेगळीच. मुळात ती माल आणून विकणारी व्यापारी पेढी. स्वतःचा कारखाना नाही. पण १९७४ च्या सुमारास तिने अमेरिकी तज्ज्ञांकडून आराखडा करून घेतला, जपानच्या किनो कारखान्यात माल बनवून घेतला आणि ‘सिरीज वन’ ७०-२१० ही झूम बाजारात आणली. मोठ्या कॅमेरा-कंपन्यांच्या झूमशी ती बरोबरी करते असे तेव्हाचे छायाचित्रकार म्हणू लागले. स्वस्त म्हणून घेण्याऐवजी चांगली म्हणून बाहेरची लेन्स घेण्याची सुरुवात अशा मालामुळे झाली. १९९२ मध्ये टॅमरॉनने २८ ते २०० मिलिमीटरची ऑटोफोकस झूम आणली. सहलीला एकच लेन्स घेऊन निघायचे, ही आज सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली सवय तिने रुजवली. झूमच्या शर्यतीत बाहेरच्या कंपन्या नेहमीच मागून धावत होत्या, हा आपला समज या इतिहासात टिकत नाही.

मग आपल्याकडे ‘डुप्लिकेट’ हा शब्द का चिकटला? त्याचे कारण आपल्या बाजारात आहे. स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके परदेशी कॅमेरा सरळ दुकानातून विकत घेणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. आयातीवर परवाने होते, जकात होती. चांगला कॅमेरा यायचा तो आखातातून परतलेल्या मेहुण्याच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारातून. डोंबिवलीहून जलद लोकल पकडून व्ही. टी.ला उतरायचे, बोराबाजारात दहा दुकाने पालथी घालायची, आणि जुनी लेन्स उजेडाकडे धरून आत डाग तर नाही ना हे पाहायचे. ‘मेड इन जपान’ ही अक्षरे नखाने खरवडून पाहणारेही होते. गॅरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द.

त्यात आपल्याच पट्ट्यात, कल्याणला लागून, उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर वसले आणि त्या मंडळींनी शून्यातून धंदे उभे केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर, ही थट्टा लोकलच्या डब्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली. थट्टेमागे थोडे तथ्य असेलही, पण तिने आपल्या मनात एक घोळ करून ठेवला. ज्यावर मोठ्या कंपनीचे नाव नाही तो माल नकली, असे आपण धरून चाललो. वास्तविक नकली माल तो, ज्यावर दुसऱ्याचे नाव खोटेपणाने छापलेले असते. सिग्मा स्वतःच्या लेन्सवर स्वतःचेच नाव कोरते. ती दुसऱ्या घरची आहे, खोटी नाही. हा साधा भेद आपल्या बाजाराने पुसून टाकला.

त्या काळात ज्यांच्याकडे सोव्हिएत बनावटीचा झेनिट होता त्यांना मात्र एक फायदा होता. रशियाशी रुपयांत व्यापार असल्याने हा कॅमेरा त्यातल्या त्यात आवाक्यात होता. अंगाने वजनदार, दिसायला ओबडधोबड, पण माउंट बेचाळीस मिलिमीटरच्या पेचाचे. तोच पेच जर्मनीच्या प्राक्टिकाला आणि जपानच्या जुन्या पेंटॅक्सलाही होता. म्हणजे गरिबाच्या कॅमेऱ्यावर तीन देशांच्या लेन्स बसत. चुडी सगळ्यांसाठी खुली असली की ग्राहकाचा किती फायदा होतो, हे झेनिटवाल्यांनी अनुभवले.

ती चुडी बंद व्हायला सुरुवात झाली ऑटोफोकसच्या युगात. १९८७ मध्ये कॅननने आपले जुने माउंट मोडीत काढून ईएफ नावाचे नवे आणले. कॅमेरा आणि लेन्स यांच्यात आता दांडे-तरफा उरल्या नाहीत. सगळे बोलणे विजेच्या संकेतांतून. लेन्स म्हणजे एक छोटा संगणकच झाला. आता बाहेरच्या कारखान्याला चांगली काच पुरेना. कॅमेरा आणि लेन्स आपसात काय बोलतात, ती भाषाही कळायला हवी. कंपन्या ती सांगत नव्हत्या. मग बाहेरच्या कंपन्यांनी संकेत ऐकून, तपासून भाषा उलगडली. आजच्या कॅमेऱ्याशी बोलता येईल एवढी ती पुरेशी होती, पण उद्याच्या कॅमेऱ्याचे काय?

याचा फटका बसलाच. नव्वदच्या दशकातल्या सिग्माच्या काही लेन्स कॅननच्या पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्यांवर चालेनात. लेन्स बसायची, फोकसही व्हायची, पण छिद्र लहान करायची आज्ञा मिळाली की कॅमेरा अडून बसायचा आणि पडद्यावर चूक दाखवायचा. सिग्माने काही लेन्समधली चिप बदलून दिली. फार जुन्यांसाठी चिपच उरल्या नव्हत्या. काच निर्दोष, यंत्रणा ठाकठीक आणि तरीही लेन्स बिनकामाची. ज्याने पैपै साठवून ती घेतली होती, त्याच्या दृष्टीने हा खरा तोटा होता. बाहेरची लेन्स घेण्यातला धोका नेमका हा. चित्र खराब येईल हा धोका त्यामानाने लहान.

पुढे यावर तोड निघाली. २०१३ मध्ये सिग्माने आणि २०१६ मध्ये टॅमरॉनने अशी छोटी उपकरणे आणली की लेन्स घरच्या संगणकाला जोडून तिची आतली आज्ञावली नवी करता येते. नव्या कॅमेऱ्याची भाषा लेन्सला शिकवता येऊ लागली. नव्या लेन्सच्या खरेदीत हा प्रश्न आता पूर्वीइतका तीव्र नाही. पण जुनी, सेकंडहँड लेन्स घेणाऱ्याने तो विसरू नये.

इकडे आपल्या भागातही बरेच बदल झाले. १ एप्रिल २००१ पासून उरल्यासुरल्या वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध उठले आणि पाठोपाठ डिजिटल कॅमेरा आला. रोल धुण्याचा खर्च गेला. हौशी छायाचित्रकारांची संख्या झपाट्याने वाढली. छायाचित्रांना विषयही मिळाले. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि ती पद्धत गावोगाव पसरली. फडके रोडवरची दिवाळीची सकाळ, कल्याणचा दुर्गाडी, मलंगगडाचा सुळका, अंबरनाथचे १०६० सालच्या शिलालेखाचे शिवमंदिर, येऊरचे जंगल. स्वागतयात्रेच्या गर्दीत लेन्स बदलत बसायला ना जागा असते ना वेळ, वर धूळ आणि गुलाल. तिथे एकच मध्यम झूम गळ्यात असलेली बरी.

आणि ठाण्याची खाडी. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. खाडीतला पक्षी जवळ येत नाही आणि आपण चिखलात त्याच्याजवळ जाऊ शकत नाही. म्हणजे पाचशे-सहाशे मिलिमीटरची नजर हवी. कंपनीच्या त्या ताकदीच्या मोठ्या, स्थिर लेन्सची किंमत अमेरिकेतच दहा हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर होती. नोकरदाराने ती फक्त पाहायची.

२०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली. अमेरिकेतली किंमत १,०६९ डॉलर. पुढच्याच वर्षी सिग्माने त्याच टप्प्याची लेन्स आणली. २०१५ मध्ये निकॉनला स्वतःची २००-५०० आणावी लागली, सुमारे १,४०० डॉलरला. तिचे छिद्र एफ ५.६, टॅमरॉनचे सहाशेला एफ ६.३. हिशेब केला तर निकॉनमध्ये सुमारे पाव भाग प्रकाश जास्त येतो, पण शंभर मिलिमीटर पोहोच कमी. बाहेरच्या लेन्समुळे कंपनीची लेन्सही स्वस्त झाली, हा या घटनेचा अर्थ. बाहेरची लेन्स ज्याने कधीच घेतली नाही त्यालाही तिचा फायदा मिळाला. योगायोग असा, की ठाण्याची खाडी अभयारण्य झाली त्याच सुमारास तिच्यातला पक्षी टिपणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले.

आता कॅमेऱ्यातला आरसा गेला आणि माउंट पुन्हा बदलली. सोनीने २०११ मध्येच आपल्या ई-माउंटची माहिती लेन्स-कारखान्यांना खुली केली. त्यामुळे सोनीच्या कॅमेऱ्यांना बाहेरच्या झूमची रेलचेल झाली. कॅनन आणि निकॉनने २०१८ मध्ये नवी माउंट आणली आणि सुरुवातीला दारे जवळजवळ बंद ठेवली. निकॉनने पुढे परवाना देऊन काही बाहेरच्या लेन्स येऊ दिल्या. कॅननने लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉनला वाट मोकळी केली ती २०२४ मध्ये. दार उघडे की बंद, हे आता कंपनी ठरवते. म्हणून नवा कॅमेरा घेणाऱ्याने बॉडीच्या किमतीबरोबर हेही पाहावे, की या माउंटला बाहेरच्या कोणत्या लेन्स मिळतात. बॉडी पाच-सात वर्षांत बदलते, लेन्स पंधरा-वीस वर्षे राहते.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. ठाणे-कल्याणकडे पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. लेन्सच्या आत ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि लेप खाते. झूममध्ये भिंगे जास्त, म्हणून बुरशीला जागाही जास्त आणि साफसफाईचा खर्चही जास्त. बुरशी कंपनी पाहून येत नाही. महागडी लेन्स चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवणाऱ्यापेक्षा साधी लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवणारा आणि दर पंधरवड्याला ती बाहेर काढून चार फोटो काढणारा जास्त शहाणा. लेन्सवर वाचवलेल्या पैशांतला थोडा हिस्सा कोरड्या कपाटावर खर्च केला तर तो वाया जात नाही.

दुसरी गोष्ट बिलाची. आपल्या बाजारात एकाच वस्तूच्या दोन किमती निघतात, बिलासह आणि बिलाशिवाय. कंपनीची लेन्स बिलाशिवाय घेतली, तर तिच्यात बिघाड झाल्यावर इथल्या वॉरंटीचा दावा कसा करणार? अशा ‘ओरिजिनल’पेक्षा रीतसर बिल आणि वॉरंटी कार्ड असलेली बाहेरची लेन्स कधीही चांगली. ओरिजिनल असण्याचा पुरावा लेन्सवरच्या सोनेरी पट्टीइतकाच बिलावरच्या अनुक्रमांकात असतो.

मग निवड करायची कशी? इतिहासातून जे हाती लागते ते थोडक्यात सांगतो. ज्याचे पोट छायाचित्रणावर आहे, ज्याला लग्नाच्या मुहूर्ताला दुसरी संधी मिळत नाही, त्याने रोज वापरायची मुख्य झूम शक्यतो कंपनीची घ्यावी. अंधाऱ्या मांडवात झटपट फोकस, नव्या बॉडीशी जुळणी आणि विकताना येणारी किंमत, या तीन गोष्टींसाठी तो जादा पैसे मोजतो आणि ते वसूलही होतात. ज्याचा छंद रविवारपुरता आहे, ज्याला खाडीतला पक्षी किंवा येऊरचे जंगल टिपायचे आहे, त्याने लांब पल्ल्याची बाहेरची झूम बिनदिक्कत घ्यावी. त्याच किमतीत त्याला पोहोच जास्त मिळते आणि पक्ष्याच्या फोटोत आधी पोहोच लागते. जुनी लेन्स घेणाऱ्याने मात्र आपला स्वतःचा कॅमेरा दुकानात न्यावा, लेन्स त्यावर चढवून छिद्र पूर्ण लहान करून फोटो काढावा, मग पूर्ण उघडून काढावा. झूमच्या दोन्ही टोकांना एकेक फोटो घ्यावा. टॉर्च लावून आत पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या मतापेक्षा ते जास्त खात्रीचे आहे.

आणि दुकानात शिरण्यापूर्वी घरीच एक काम करता येईल. गेल्या वर्षभरात काढलेले फोटो संगणकावर उघडावेत आणि प्रत्येकाखाली नोंदवलेला मिलिमीटरचा आकडा पाहावा. बहुतेकांना आढळेल, की सहाशेची स्वप्ने पाहताना आपण शंभरातले ऐंशी फोटो पस्तीस ते सत्तरच्या मध्ये काढले आहेत. असे असेल तर ना कंपनीची मोठी झूम लागते, ना बाहेरची. त्या पैशांत संपूर्ण हिवाळाभर दर रविवारी पहाटेची लोकल पकडून खाडीवर जाता येते. तिथे शे-दोनशे मीटरवर पक्षी उभे असताना पुन्हा पुन्हा हात आखडू लागला, की मग लेन्स घ्यावी. तोपर्यंत कुठली लेन्स घ्यायची हे बहुधा आपले आपल्यालाच कळलेले असते.